दोन डबे आणि एक राखाडी कोट

दुकानातून,
दुपारी, बाबा घरी जेवायला गेलेले असताना

तीर्थस्वरूप आत्येस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. आतोबांचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला गेला का? (खोकला आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण तुमच्याकडे थंडी फार असं ऐकतो, तेव्हा असणारच असं धरून चाललो आहे. नसेल तर उत्तम. ही चौकशी पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवून दे.) आमचं सगळं ठीक. आई ठीक, बायको ठीक, धाकटी शाळेत जाते आणि रोज एक पेन्सिल हरवून येते. बाबांबद्दल पुढे लिहितो. आधीच सांगून टाकतो, की या पत्रात काहीही मागणं नाही. निव्वळ खुशालीचं पत्र आहे. अकरा वर्षांनी अचानक भाच्याचं खुशालीचं पत्र आलं की माणूस आधी पाकीट सांभाळतो हे मला कळतं, पण तू सांभाळू नकोस.

तसा मी अकरा वर्षं अगदीच गप्प नव्हतो म्हणा. धाकटी झाली तेव्हा चार ओळी पाठवल्या होत्या आणि तू उलट टपाली एक स्वेटर पाठवला होतास, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. त्या स्वेटरचं एक तुला सांगायचं राहून गेलंय. बाबांनी तो हातात घेतला नाही. ‘ठेव तिकडे’ एवढंच म्हणाले. नंतर मी बघतो तर ट्रायल रूमच्या पडद्याआड उभे राहून टेपने त्याच्या बाह्या मोजताहेत. दोन्ही बाह्या सारख्या निघाल्या तेव्हा इतके खट्टू झाले, की त्या दिवशी गिऱ्हाइकाशीसुद्धा भांडले नाहीत.

असो, नमनालाच घडाभर तेल झालं. बायकोचं म्हणणं, पत्रात सगळं क्रमाने लिहावं, त्यामुळे तुला तोंडपाठ असलेली गोष्टही आधी लिहितो. दुकानात, मशीनवर बसलेल्या आजोबांच्या डोक्यावरच्या फळीवर दोन डबे असायचे. दोन्ही बिस्किटांचे, दोन्ही निळे, दोन्हींच्या झाकणावर तीच सायकलवरची मुलगी. एकात शिशाच्या चकत्या, म्हणजे पडदा सरळ पडावा, कोटाचा मागचा भाग उडू नये म्हणून खालच्या दुमडीत शिवून टाकायची वजनं. दुसऱ्यात त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली एकोणीस जुनी नाणी. आजोबा गेले, तू आलीस, तेराव्या दिवसाच्या आतच (आपल्या घरात धीर कुणाला आहे?) तो दुसरा डबा उघडला आणि आत निघालं काय, तर शिसं. काठोकाठ. डबा हलवला तर वजन तेवढंच लागावं म्हणून कुणीतरी नाणी काढून मुद्दाम शिसं भरलंय, हे लहान पोरालाही कळलं असतं. बाबांना वाटलं तू. तुला वाटलं बाबा. पुढे जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही, कारण मी तेव्हा इस्त्रीच्या टेबलाखाली पडलेली सुई शोधत होतो आणि बोलणं संपेपर्यंत ती मला सापडली नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर वेटिंग रूमचे पडदे घेऊन आले. खिडकी बदलली, पडदे वीतभर आखूड करायचे होते. आजोबांच्या हातचं काम. मी खालची दुमड उसवली, तर टेबलावर टण्णदिशी काहीतरी पडलं. शिसं पडलं की ‘थप्’ असा आवाज होतो, हे तुला सांगायला नको. बघतो तर रुपयापेक्षा मोठं, काळंकुट्ट नाणं. दुसऱ्या टोकाला आणखी एक. बाबांनी पहिलं उचललं, अंगठा फिरवला, खाली ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी माझ्या एकाही कॉलरला नाव ठेवलं नाही. घरात घबराट पसरली. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, त्यांना ताप आहे का बघ.

त्याच आईने मधल्या वेळात ती दोन्ही नाणी राखेने आणि लिंबाने घासून आरशासारखी केली. (तिला तू ओळखतेस. ती देवाला घासते तशीच कुलपालाही घासते.) मी ती घेऊन जुन्या नाण्यांच्या एका जाणकाराकडे गेलो. बारीक माणूस, एका डोळ्याला कायमचं भिंग, आम्ही त्याला भिंगवालाच म्हणतो. त्याने भिंगातून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं आनंदाने. तो म्हणाला, कुणी घासली ही? आत्या, त्या काळेपणालाच किंमत असते म्हणे. आईने अर्ध्या तासात निम्मी किंमत धुऊन टाकली होती. पण उरलेल्या निम्म्याचा आकडा त्याने कागदावर लिहून दाखवला, तेव्हा मला खुर्ची मागावी लागली. आईला सांगितलं तर तीच उलट फुगली. म्हणे, घाणेरडं ठेवलं तर जास्त पैसे देणारा माणूस शहाणा कसा?

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (बायको म्हणते, तो प्रकाश नव्हता.) मी ठरवून टाकलं, की आजोबांनी नाणी जाणूनबुजून गावभर पडद्यांमध्ये लपवली. घरात ठेवली तर पोरं भांडतील, म्हणून लोकांच्या खिडक्यांना टांगून ठेवली. केवढी दूरदृष्टी! मग मी दुकानाबाहेर पाटी लावली: ‘या दुकानात शिवलेल्या जुन्या पडद्यांची व कोटांची खालची शिवण मोफत तपासून मिळेल.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ‘मोफत’ हा एकच शब्द लोकांनी वाचला. दोन दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. पडदे आले, चादरी आल्या, एकाने गाडीचं कव्हर आणलं, एका बाईंनी छत्री आणली. त्यातलं निम्मं आपण शिवलेलंही नव्हतं. सोळा दिवस मी पहाटेपासून उसवत होतो आणि बायको मागून शिवत होती. हाती काय लागलं? दोन सेफ्टी पिना, एक वाळलेली पाल आणि शिसं, शिसं, शिसं.

त्याच भरात मी शाळेत गेलो. सभागृहाच्या रंगमंचाचा तो मोठा लाल पडदा आजोबांचाच ना? मुख्याध्यापिकाबाई त्याच, ज्यांनी मला चौथीत शिकवलं. त्यांना मी म्हटलं, पडद्याची देखभाल करायला आलोय. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. (त्यांना अजून माझा गृहपाठ आठवतो.) चार तास जमिनीवर बसून मी तो अख्खा पडदा उसवला. चोवीस चकत्या निघाल्या, सगळ्या शिशाच्या. त्या परत आत घालून शिवायला आणखी पाच तास लागले, तेवढा वेळ समोर मुलांच्या नाटकाची तालीम चालू होती आणि मला न विचारता त्यांनी मला झाड केलं.

इकडे दुकानात खरी गोष्ट घडली, ती मी नसताना. बाबांनी एका वकिलाचा काळा कोट पूर्ण करून दिला होता. वकील तो घेऊन परत आले. कोटाला बटणं तपकिरी. आता बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. पन्नास वर्षांत त्यांनी कधी ‘माझं चुकलं’ म्हटलेलं नाही. कपडा घट्ट झाला तर ते गिऱ्हाइकाला ‘तुम्ही सुटलात’ म्हणतात आणि सैल झाला तर ‘प्रकृतीची काळजी घ्या’. वकिलांनाही त्यांनी ऐकवलं, की उन्हात उतरला असेल रंग. वकील गेले. मी शाळेतून झाड होऊन परत आलो तर बाबा टेबलावर दोन बटणांचे डबे शेजारी शेजारी ठेवून बसले होते. काळ्या बटणांचा आणि तपकिरी बटणांचा. दोन्ही सारखेच. त्यांनी मला विचारलं, यातला काळ्यांचा कुठला? मी बोट दाखवलं. त्यांनी त्या डब्यातलं एक बटण काढून बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, “त्यांनाही दिसत नव्हतं.”

मला क्षणभर कळेना. मग जे कळलं ते तुलाही आता कळलं असेल. आजोबांना शेवटची दोन वर्षं दिसत नव्हतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. हाताच्या सवयीवर शिवत राहिले. फळीवरचे डबे कधीतरी इकडचे तिकडे झाले आणि वजनाचा डबा समजून ते नाण्यांच्या डब्यातून काढत राहिले. शिशाचा डबा तसाच भरलेला राहिला, नाण्यांच्या जागेवर. कुणी काढलं नाही, कुणी भरलं नाही. ना तू, ना बाबा. आत्या, मी चाळिशीला आलेला माणूस आहे, पण त्या दिवशी मला रडू आलं आणि मी ते एका गिऱ्हाइकाच्या नव्या पॅन्टला पुसलं.

मग बाबांनी बुडाखालची उशी उचलली आणि तिच्याखालून आजोबांची मापांची वही काढली. शेवटचं पान उघडलं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, पण वाचता येत होतं. शेवटच्या दोन वर्षांतली वजनं घातलेली कामं मोजून चार. चार, आत्या! आणि मी सोळा दिवस गावाच्या चादरी उसवत होतो. मी म्हटलं, ही वही होती तर सांगितलं का नाही? बाबा म्हणाले, “विचारलंस कधी?”

पहिलं काम दातांच्या डॉक्टरांचं. दुसरं शाळेचं, पण रंगमंचाच्या कडेचा छोटा पडदा, मोठा नव्हे. म्हणजे परत बाईंपुढे जाणं आलं. या वेळी बाबाही सोबत आले आणि मी काही थाप मारायच्या आत त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, नाणी तुमची, पडदा आमचा. वजनं घालून द्या आणि फाटलेलं अस्तरही बदलून द्या. दिलं. पाच नाणी निघाली. (डॉक्टरांनाही तसंच खरं सांगितलं. त्यांनी नाण्यांवर हक्क सांगितला नाही, फक्त बाबांना खुर्चीत बसवून एक दाढ काढली.)

तिसऱ्या कामापुढे वहीत लिहिलं होतं: ‘आपलाच.’ मी ते मोठ्याने वाचलं आणि मान वळवली, तर बाबा आधीच तिकडे बघत होते. ट्रायल रूमचा पडदा! अकरा वर्षं रोज पन्नास वेळा तो आम्ही सरकवला. त्याच्याआड उभं राहून तुझ्या स्वेटरच्या बाह्या मोजल्या. बाबा तर नेहमी अभिमानाने सांगायचे, की बघा, आमचा पडदा वाऱ्याने हलत नाही. कसा हलेल? काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाबांनी स्वतः उसवला. खाली अकरा नाणी. आई घासायची चिंधी घेऊन धावत आली, तिला बायकोने दारातच अडवलं.

दोन, पाच आणि अकरा. अठरा झाली. एकोणिसावं कुठलं नाही, हे बाबांनी न बघताच सांगितलं. नकटा राजा. तुमच्या लहानपणीचा तो तंटा मी दोघांकडूनही ऐकलाय. ते सर्वांत मोठं नाणं, त्यावरच्या राजाचं नाक झिजून सपाट झालेलं, आणि ते मला हवं, मला हवं म्हणून तुम्ही दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटायचात. शेवटी आजोबा म्हणाले होते, ज्याची मशीनवरची टीप आधी सरळ येईल त्याला राजा देईन. बाबांनी त्या राजापायी मशीन धरलं ते आजतागायत सोडलं नाही. तुझी टीप काही सरळ आली नाही आणि तू लोकरीच्या सुया घेतल्यास.

वहीतलं चौथं काम असं लिहिलंय: ‘टाचणीचा कोट. राखाडी. मागे एक.’ टाचणी म्हणजे तू. (मला वाटायचं हे नाव बाबांनीच ठेवलं, पण वहीतही तेच आहे.) मी म्हटलं, चला, तोही चुकून तिकडे गेला. बाबा नाही म्हणाले. बाकीची चुकून गेली असतील, पण राजा चुकून जाणार नाही, त्याला नाक नाही, तो बोटाला कळतो. म्हणजे डब्यात शेवटचं नाणं उरलं तेव्हा आजोबांच्या बोटाला ते लागलं असणार, आपलं काय झालंय ते त्यांना कळलं असणार, आणि दिसत नाही हे कबूल करण्याऐवजी त्यांनी राजा तुझ्या कोटात शिवून टाकला आणि तोंड मिटलं. एवढं सांगून बाबा म्हणाले, “टीप माझी सरळ आली आणि राजा गेला तिला!” आणि हसायला लागले. आत्या, पोट धरून हसले. असं हसणं मी त्यांच्याकडून अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. आई पुन्हा येऊन विचारून गेली, ताप आहे का.

भिंगवाला रोज येतो आणि अठरा नाण्यांकडे आशाळभूतासारखा बघतो. त्याच्या हिशेबाने दुकानावर एक मजला चढेल आणि तरी उरेल. पण बाबांनी एकही विकू दिलेलं नाही. मखमलीच्या तुकड्यांच्या दोन थैल्या शिवल्या, दोन्हींत नऊ-नऊ घातली आणि एकीवर लाल दोऱ्याने टाचणी काढली. ती थैली फळीवर आहे. तुझ्या भावाने हे मला तुला कळवायला सांगितलेलं नाही. कळवू नकोस असंही सांगितलेलं नाही. आपल्या घरात यालाच परवानगी म्हणतात.

तर अशी आमची खुशाली. आतोबांना नमस्कार. लहानांना (तुझी मुलं आता माझ्याहून उंच असतील, तरी) आशीर्वाद.

तुझा भाचा,
ज्याला तू पहिलं काज शिवायला शिकवलंस आणि जे अजून तिरकंच येतं

ता. क. तो राखाडी कोट अजून आहे का? सहज विचारतो. कुणाला देऊन टाकू नकोस. धुऊसुद्धा नकोस. आतोबांना घासू तर अजिबात देऊ नकोस.

आणखी एक ता. क. वरती मागणं नाही असं लिहिलंय ते खोटं आहे. पण मागणं कोटाचंही नाही. भिंगवाल्याला मी राजाचं वर्णन सांगून विचारलं, तर त्याने हात झटकले. इतकं झिजलेलं नाणं कुणी फुकटही घेत नाही म्हणे. तेव्हा त्यासाठी तुला पत्र लिहिलं असं समजू नकोस. गोष्ट अशी आहे, की डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना ऑपरेशनची तारीख दिली होती. त्यांनी ती पुढे ढकलली. डॉक्टरांना म्हणाले, घरी पाहुणे यायचेत, ते येऊन गेले की बघू. आमच्याकडे कुणीही यायचं नाही, आत्या. मी त्यांना विचारलं, कोण येणार आहे? परवा त्यांनी पायरीला रंग दिला. तू ये एवढंच मागणं आहे.

शेवटचा ता. क. घोटाळा झाला. पत्र मी इस्त्रीच्या कपड्यांत लपवलं होतं आणि आज इस्त्री बाबांनी केली. भिंगवाल्याचं भिंग मागून आणून सबंध वाचलं. स्वेटरचा भाग खोड म्हणाले, मी खोडला नाही. आता पेन मागताहेत. खालचं अक्षर त्यांचं आहे, ओळी चढल्या असतील तर समजून घे.

टाचणे,
पोरगा फार लांबण लावतो. अकरा वर्षांपूर्वी माझं चुकलं. राजा तुझ्याकडे आहे, कोटाच्या मागच्या दुमडीत बघ. उसवू नकोस, तुला सरळ उसवताही येत नाही. कोट अंगात घालूनच ये, मी उसवून देतो. स्वेटरच्या बाह्या बरोबर होत्या.